नाताळच्या आधीचे चार रविवार: आगमनकाळ घरात कसा पाळायचा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही मूळचे वसईचे, आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाच. गेल्या वर्षी आगमनकाळात चॉकलेटचं कॅलेंडर आणलं, मेणबत्त्यांचं चक्र केलं, केक केला. दुसऱ्या आठवड्यात सगळं बारगळलं आणि नाताळ आला तेव्हा मुलांना त्याचं काही अप्रूपच उरलं नव्हतं. प्रार्थनेलाही बसत नाहीत. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरच्या घरी काय आणि किती करावं?"

मी वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, 26 वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते आहे, आणि त्याच मुलांच्या आयांबरोबर डिसेंबरात मैदाही मळते. त्या अनुभवावरून सांगते, तुमचं चुकलं ते एवढंच, की नाताळ 1 डिसेंबरलाच घरात आला. झाड लागलं, लाइट लागले, केक कापला, रोज सकाळी चॉकलेट मिळालं. मग मुलांनी वाट कशाची पाहायची? आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं. प्रभू येणार आहे, अजून आलेला नाही, आणि त्याच्यासाठी घर तयार होतं आहे. घरात जे कराल ते ही वाट वाढवणारं हवं, भागवून टाकणारं नको. त्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा कमी करा, आणि प्रत्येक गोष्ट थोडी अर्धवट ठेवत करा.

आधी तारखा. आगमनकाळाचा पहिला रविवार 30 नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रेयाच्या सणाच्या, सगळ्यांत जवळचा. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला येतो आणि चौथा रविवार 20 डिसेंबरला. दर वर्षी दिवस सारखे नसतात. 2023 मध्ये चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला होता आणि अख्खा काळ 22 दिवसांत आटोपला. दुकानातली कॅलेंडरं मात्र 1 तारखेलाच सुरू होतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

त्याहून महत्त्वाची तारीख 17 डिसेंबर. चर्चच्या उपासनेतच आगमनकाळाचे दोन भाग आहेत. 16 तारखेपर्यंतची वाचनं प्रभूच्या पुन्हा येण्याबद्दल, जागं राहण्याबद्दल, योहान बाप्तिस्ताच्या हाकेबद्दल बोलतात. 17 पासून वाचनं वळतात ती थेट येशूच्या जन्माकडे. मी घरातही हीच रेघ मारते. 16 पर्यंत तयारी: साफसफाई, पेरणं, मळणं, देणं. 17 पासून गोठा (येशूच्या जन्माचा देखावा), चांदणी, सजावट. नुसतं एवढं केलंत तरी निम्मं काम झालं असं समजा.

चॉकलेटच्या कॅलेंडरऐवजी दाराच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढा, 24 डिसेंबरपर्यंत जितके दिवस तितक्या. रोज संध्याकाळी धाकट्याने एक पुसायची. जर्मनीत 19व्या शतकात गरीब घरांतून हेच करत, छापील कॅलेंडरं फार नंतर आली. पाच वर्षांच्या मुलाला आकडा कळत नाही, पण दार रिकामं होत चाललंय हे दिसतं.

मेणबत्त्यांचं चक्रही असंच मुलांच्या घाईतून आलेलं आहे. हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाळक निराधार मुलांसाठी संस्था चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? तेव्हा 1839 मध्ये त्यांनी जुन्या गाडीचं चाक घेऊन त्यावर 4 मोठ्या पांढऱ्या आणि 20 लहान लाल मेणबत्त्या लावल्या, रविवारची मोठी आणि इतर दिवसांची लहान. आज आपण फक्त रविवारच्या चार लावतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, कारण त्या दिवशी मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, सुरुवातच 'आनंद करा' अशी होते आणि काही ठिकाणी फादरही गुलाबी झगा घालतात. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना जांभळी रिबीन बांधा. दिवाळीच्या चार पणत्या धुऊन घेतल्या तरी मला मुळीच कमी वाटत नाही.

चक्राला हिरवं लावताना जपा. आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या मी वेचून आणायचे. त्या दिसतातही परदेशातल्या पाइनसारख्या. एका वर्षी मी पहिल्या रविवारचंच हिरवं तिसऱ्या रविवारपर्यंत ठेवलं. सुरू कोरडा ठणठणीत झाला होता. मेणबत्ती खाली आली आणि क्षणात पेटलं. टेबलावर पाण्याचा तांब्या होता म्हणून टेबलक्लॉथवर निभावलं. तेव्हापासून माझा नियम: पितळेची परात, तिच्यात बोटभर पाणी, मेणबत्त्या काचेच्या पेल्यांत, आणि हिरवा पाला दर शनिवारी बदलायचा. पुण्यात आंब्याची पानं किंवा तुळशीच्या जुड्याही चालतील.

आता प्रार्थनेचं. मुलं बसत नाहीत, कारण आपण त्यांना मोठ्यांच्या प्रार्थनेला बसवतो. आमच्या घरात रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी घरातले सगळे दिवे बंद करायचे, टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा. अंधारात दहा आकडे मोजायचे. पाच वर्षांचं मूल सहाव्या आकड्याला तुमचा हात धरतं. मग मेणबत्ती पेटवायची, आणि अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला हे बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं वचन कोणी तरी म्हणायचं. मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, तो आत्ताच त्याच्या डोळ्यांपुढे झालेला असतो. पेटवायचं काम ताईकडे, विझवायचं धाकट्याकडे. हे आधीच ठरवून टाका, नाहीतर रोज भांडण होईल.

वाचायला काय घ्यायचं? अनेक जण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे, 24 अध्याय रोज एक याप्रमाणे वाचायला सांगतात. मोठ्यांसाठी ते छान आहे, मुलांसाठी मला ते मानवलं नाही. नाताळच्या आदल्या रात्री तुम्ही क्रूस आणि पुनरुत्थान वाचत असता. मी फक्त पहिला अध्याय घेते. त्यात 80 वचनं आहेत. 1 डिसेंबरपासून रोज चार वाचली की 20 तारखेला अध्याय संपतो. आणि हे वाचन ज्या दिवशी जिथे पोहोचतं ते पाहिलंत तर तुम्हालाही गंमत वाटेल. 5 तारखेला जखऱ्याची, म्हणजे योहान बाप्तिस्ताच्या वडिलांची, वाचा जाते, कारण देवदूताचं म्हणणं त्याला पटत नाही. 7 तारखेला गाब्रिएल देवदूत नासरेथला मरियेकडे येतो, 8 तारखेला, म्हणजे निष्कलंक मरियेच्या सणालाच, तो तिला बाळाचं नाव सांगतो. 12 ते 14 मरियेचं स्तोत्र. आणि जखऱ्या तोवर मुकाच. मुलं रोज विचारतात, तो आज बोलला का? 16 तारखेला तो पाटी मागवतो, 'याचं नाव योहान आहे' असं लिहितो आणि त्याची जीभ मोकळी होते. माझ्या वर्गात त्या दिवशी खरी पाटी आणि पेन्सिल असते. त्याआधी एक संध्याकाळ जेवण मुक्याने करायचं, भाजी हवी तर खुणेने मागायची. दहा वर्षांच्या मुलीला यात पुरेपूर रस येतो, तिलाच वाचायला लावा. दुसऱ्या अध्यायातली पहिली पाच वचनं, योसेफ आणि मरिया बेथलेहेमच्या वाटेला लागतात ती, 21 ते 23 ला पुरवून वाचा. सहाव्या वचनापासून पुढचं 24 च्या रात्रीसाठी राखून ठेवा.

पेंढ्याची रीत तुम्हाला आठवत असेल. पहिल्या रविवारी रिकामी गव्हाणी मांडायची, बुटाच्या खोक्याची चालते. कोणी चांगलं काही केलं की त्यात पेंढ्याची एक काडी, म्हणजे नाताळपर्यंत बाळाला मऊ अंथरूण. पुण्यात पेंढा फळवाल्याच्या पेटीतून मागून आणा. फक्त एक सांभाळा: काड्या मोजायच्या नाहीत आणि कोणी कशासाठी टाकली हे विचारायचं नाही. मोजलंत की भावाबहिणीत हिशोब सुरू होतो आणि मुलं चांगुलपणा दाखवून करायला लागतात. एकदा वर्गातल्या एका मुलीने आपणहून येऊन माझ्या कानात सांगितलं, "आजीने कालचीच गोष्ट आज परत सांगितली, मी पहिल्यांदा ऐकतेय असं ऐकली." ती काडी मला अजून आठवते.

मधले सण साधेपणाने करा. 3 तारखेला संत फ्रान्सिस झेवियर, 6 ला संत निकोलस. निकोलस हा आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप, कोणाला न कळता देणारा. त्या दिवशी मुलांनी आपल्या खेळण्यांतली दोन चांगली खेळणी काढून द्यावीत. मोडकी नव्हेत.

हातकामात मी एकाच गोष्टीचा आग्रह धरते, ती म्हणजे बांबूची चांदणी. दुकानातली कागदी चांदणी दोन मिनिटांत लागते, घरची तीन आठवडे पुरते, आणि आपल्याला तेच हवं आहे. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, दोन दोन फुटांच्या. पाच कामट्यांची एक सपाट चांदणी बांधा. एक कामटी दुसरीच्या वरून, पुढचीच्या खालून अशी ओवलीत तर घट्ट बसते. तशीच दुसरी करा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने आवळा. मग आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी दोन चांदण्यांच्या मधे वीतभराहून थोड्या लहान काड्या उभ्या खोचा. त्या क्षणी सपाट चांदणी फुगून उभी राहते. मुलांच्या तोंडून 'आ' निघतो तो इथेच, म्हणून ही शेवटची काडी त्यांच्याच हातून बसवा. हा झाला पहिला आठवडा. दुसऱ्यात मैद्याची खळ शिजवून पतंगाचा कागद चिकटवायचा. खळ पातळ हवी, आणि कागद ओढून न बसवता हलकेच ठेवायचा. सुकताना तो आपोआप ताणला जातो. एक फाकळी उघडी ठेवा, तिथून छोटा एलईडी दिवा आत सोडता येईल. चांदणी गॅलरीत टांगा, पण पेटवू नका. शेजाऱ्यांकडे सगळं झगमगत असेल, मुलं हट्ट करतील. 17 च्या संध्याकाळी पेटवायची आहे, असं सांगा.

पेरायचं ते 13 तारखेला. गोठ्यातल्या शेतासाठी पसरट डब्यात दोन बोटं माती घालून रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पेरायची, वर मातीची नुसती भुरभुर. रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. 24 ला बोटभर हिरवं शेत तयार असतं. खतं, गोळ्या काही नको.

स्वयंपाकघरात तुम्ही दोघं नोकरीवाले, तर दोन शनिवार पुरे. 12 तारखेला कलकल, म्हणजे तळलेल्या गोड वळ्या, 19 ला केक. करंज्या, खजुराचे रोल, मिल्क क्रीम हे सगळं एका वर्षी करायला जाऊ नका. आईचा जीव मेटाकुटीला आला की मुलांना सणापेक्षा तीच आठवते.

कलकल मुलांसाठीच आहेत. अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, 75 ग्रॅम पिठीसाखर, आणि नारळाचं दाट दूध लागेल तसं, साधारण एक वाटी. साखर यापेक्षा वाढवू नका, तेलात पटकन काळी पडते. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. मग सुपारीएवढ्याहून लहान गोळ्या. स्वच्छ नवीन कंगवा किंवा काट्याच्या पाठीवर गोळी अंगठ्याने दाबत पसरायची आणि त्याच अंगठ्याने परत गुंडाळत सोडवायची. शंखासारखी वळी येते, वर रेषा उमटतात. धाकट्याच्या वळ्या जाड होतील, होऊ देत. त्या वेगळ्या तळा, कारण पातळ जळतील तेव्हा या आतून कच्च्या असतील. तेल मध्यम. एक गोळी टाकून पाहा: ती तळाशी बसून राहिली तर तेल थंड आहे आणि कलकल तेल पितील, लगेच उसळून तांबडी झाली तर फार तापलंय. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. आमच्याकडे एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी असा पक्का पाक करून वर घोळवतात, साखर पांढरी धरते. नाही केलंत तरी चालेल. तळण गॅसपाशी मोठ्यांनीच करायचं, हे सांगायची गरज नसावी.

आमच्या लहानपणी वळायला शेजारच्या चार घरच्या बायका जमत, हात चालू आणि तोंडाने रोजरी, म्हणजे मरियेची जपमाळ, दहा-दहा मण्यांच्या पाच दहाईंची. पाच दहाईंत दीड किलोच्या कलकल वळून होत. पुण्यात शेजारी कोणत्याही धर्माचे असोत, त्यांच्या मुलांना बोलवा. त्यांनी दिवाळीत तुमच्या मुलांना फराळ खाऊ घातलेलाच आहे. रोजरी म्हणायची असेल तर एक दहाई म्हणा, त्यात संकोच कसला.

केकसाठी सुकामेवा रममध्ये भिजवणारे महिनाभर आधीच भिजवतात. मुलांचं घर आहे, संत्र्याचा रस घेतलात तरी छान होतो. पण रसातला मेवा एकच रात्र, तोही फ्रिजमध्ये. बाहेर आठवडाभर ठेवला तर तो फसफसतो. 300 ग्रॅम मेव्यात काळ्या मनुका, खजूर, थोडी संत्र्याची साल, आणि वसईहून कोणी येणार असेल तर सुकेळी मागवा. राजेळी केळ्यांची ती वाळवलेली सुकेळी बारीक चिरून घातली की केकला जो ओलावा आणि वास येतो, तो विकतच्या चेरीने कधीच येत नाही. 50 ग्रॅम साखर काळसर तांबडी जाळून त्यात 50 मिली गरम पाणी, लांबून, तोंड बाजूला करून. 150 ग्रॅम लोणी आणि 100 ग्रॅम साखर फेसायची, तीन अंडी एकेक करून, मग 200 ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, आणि जळवलेल्या साखरेचं गार झालेलं पाणी. मेवा निथळून मूठभर मैद्यात घोळवा, नाहीतर सगळा तळाला बसतो. सात इंची भांडं, 160 अंश, तास ते सव्वा तास. लहान ओव्हनमध्ये वरून लवकर करपतो, चाळीस मिनिटांनी वर कागद ठेवा. गार झाला की बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये. कापायचा नाही. बोट लावून भांडं चाटायला मात्र मुलांना पूर्ण मोकळीक.

17 तारखेला संध्याकाळी चांदणी पेटवा आणि गोठा मांडायला घ्या. गोठ्याची रीत असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीत ग्रेचो इथे घालून दिली; त्याने मूर्ती मांडल्या नव्हत्या, गव्हाणी, गवत आणि खरे बैल-गाढव आणले होते. एकाच दिवशी सगळं उभं करू नका. पहिल्या दिवशी जनावरं. मरिया आणि योसेफ घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. आमच्याकडे ते 20 ला टीव्हीपाशी असतात.

याच सात संध्याकाळी, 17 ते 23, चर्चमध्ये प्रभूला सात जुन्या नावांनी हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमधली त्यांची आद्याक्षरं शेवटून वाचली की 'एरो क्रास' होतं, म्हणजे 'उद्या मी असेन'. एका वाळक्या फांदीला रोज एक खूण टांगायची: पुस्तक, जळतं झुडूप, कोंब, किल्ली, सूर्य, मुकुट, आणि सातव्या दिवशी उघडा हात. सगळं कागदाचं करा, पण किल्ली खरी घ्या. आमच्या फांदीवर जुन्या घराची गंजलेली किल्ली आहे. ते घर आता नाही, मुलं दर वर्षी विचारतात ही कुठली, आणि दर वर्षी मला त्यांच्या पणजोबांबद्दल सांगायला मिळतं. तुमच्याकडेही गावाकडच्या घराची एखादी किल्ली असेल.

24 ला दारावरची शेवटची रेघ पुसायची, नाचणीचं शेत गोठ्यात ठेवायचं. बाळ येशू तोवर कपाटात, रुमालात गुंडाळलेला. मिस्सेहून परत आलात की दिवे न लावता चारही मेणबत्त्या पेटवा. ताईने लूकचं राखून ठेवलेलं वाचन वाचायचं, आणि ती गव्हाणीपाशी आली की धाकट्याने बाळ आणून पेंढ्यावर ठेवायचं. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. मग दिवे लावा आणि कलकलचा डबा उघडा. पहिली ताटली भरून झाकून ठेवा, ती सकाळी शेजारी न्यायची आहे.